परसातली हळद आणि घरातली माणसं

औषधी झाडांची बाग घरापासून लांब, एका कोपऱ्यात, नावाच्या पाट्या लावून करू नये, असं माझं ठाम मत आहे. ती माणसांच्या रोजच्या येण्याजाण्यावर असावी. सकाळी कोण कुठून कुठे जातं, भांडी कुठे घासली जातात, न्हाणीचं पाणी कुठे वाहून जातं, शाळेतून आल्यावर मुलं आधी कुठे धावतात, हे बघावं आणि मग कुदळ हातात घ्यावी. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराभोवती जे काही उभं आहे ते याच हिशेबाने उभं आहे. हा हिशेब सासूबाईंचा. मी इथे राहायला आले तेव्हा त्यातला निम्मा त्यांच्या परसात होता आणि निम्मा त्यांच्या डोक्यात.

मी सांगली जिल्ह्यातली. माहेरी हळद म्हणजे एकरांत मोजायचं आणि सौद्यात विकायचं पीक. लहानपणी वडिलांबरोबर सांगलीजवळच्या हरिपूरला जायचे तेव्हा हळदीची पेवं पाहिली आहेत. घट्ट मातीत खोल खणलेली, वर तोंड लहान आणि आत मोठं पोट. त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवं निकामी झाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माहेरी पेढे वाटले होते. लग्नानंतर काही वर्षं ठाण्यात गेली. पुढे नवऱ्याचं काम घरून होण्यासारखं झालं, सासरे गेल्यामुळे सासूबाई गावी एकट्या होत्या, म्हणून आम्ही बिऱ्हाड इकडे हलवलं. थोरला तेव्हा तिसरीत होता, धाकटी बालवाडीत.

इथली जमीन माझ्या ओळखीची नव्हती. माहेरची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. इथे जांभ्यावरची तांबडी माती, उतार, आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस. चार महिने पाण्याला वाट कशी करून द्यायची याची काळजी, आणि एप्रिल उजाडला की विहिरीत घागर बुडत नाही. एवढा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आम्लधर्मी होते. सासूबाई तिला सरळ ‘आंबट माती’ म्हणतात आणि चुलीतली राख कधी टाकून देत नाहीत. ती चाळून, थोडी थोडी करून वाफ्यात जाते. पाला जाळायचा नाही, कुजवायचा. नारळाची सोडणं वाफ्याच्या तळाशी उताणी घालायची, म्हणजे ती पावसाचं पाणी पितात आणि डिसेंबरात सोडतात. त्यावर सुका पाला, त्यावर शेण, त्यावर माती, असा हातभर उंचीचा गादीवाफा. सपाट वाफा इथे जुलैत तळं होतो आणि हळद, आलं दोन्ही कुजतं.

जीवामृत, म्हणजे झाडांना घालायचं शेण-गोमूत्राचं आंबवण, नवरा करतो. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं एकराचं प्रमाण आहे २०० लिटर पाण्याला १० किलो शेण. आम्हाला तेवढं लागत नाही. २० लिटरच्या बादलीत एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि वईकडेच्या, म्हणजे कुंपणाकडच्या, झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने एकाच दिशेने ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायला काढायचं. शेण आणि गोमूत्र शेजारच्या आप्पांच्या गोठ्यातून येतं, आणि त्या बदल्यात पोफळीखालची सगळी हिरवळ त्यांच्या गाईची. नवरा ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्ये उठून बादली ढवळून येतो. दिवसभर पडद्याकडे बघणाऱ्या माणसाला असं एक काम असावं, हे मी त्याच्याकडे बघून सांगते.

आता मांडणी. मागच्या दाराच्या पायरीशी गवती चहा, पुदिना आणि पानओवा, कारण सकाळी दार उघडल्यावर पहिला पाय तिथे पडतो. चार पावलांवर कढीपत्ता, फोडणी जळायच्या आत पानं तोडून परत येता येईल इतका जवळ. भांडी घासायच्या जागेखाली अळू. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे आधी कर्दळीची रांग आणि तिच्या खालच्या अंगाला वेखंड. वेखंडाला पाय कायम ओले लागतात, ती जागा त्याला मानवते. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळस, तिच्याजवळ जास्वंद. विहिरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हळदीचे आणि आल्याचे वाफे. पोफळींवर मिरीचे वेल. आणि सगळ्या बाजूंनी वईला अडुळसा आणि निर्गुंडी.

अडुळसा वईला का, तर गुरं त्याला तोंड लावत नाहीत. शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते. दर पावसाळ्यात फांद्या रोवल्या की धरतात, तोडल्या की आणखी दाट होतात. कुंपण करायचं तर झाड उपयोगी पडेल असंच लावावं, हा जुन्या लोकांचा विचार मला फार आवडतो. जानेवारीच्या आसपास त्याला पांढरी फुलं येतात आणि त्यावर भुंगे, मधमाश्या दिवसभर असतात. पिकायला घातलेल्या केळ्यांच्या खालीवर सासूबाई याचीच पानं पसरतात. त्यांच्या मते बुरशी येत नाही, आणि फळं साठवताना ही पानं वापरायची पद्धत देशात इतर ठिकाणीही आहे.

घरात कोणी खोकायला लागलं की सासूबाई पिकत आलेली पानं आणायला सांगतात. धुऊन तव्यावर किंचित गरम करायची, मग पाट्यावर ठेचून फडक्यातून पिळायची, म्हणजे रस सुटतो. नुसती कच्ची पानं पिळून हाताला काही लागत नाही. तो गडद हिरवा रस अर्धा चमचा, त्यात मध. चव इतकी कडू की थोरला अजूनही डोळे मिटून घेतो. खोकल्याच्या सिरपमध्ये असतं ते ब्रोमहेक्झिन अडुळशातल्या वॅसिसिन या द्रव्यावरूनच तयार केलेलं आहे, हे मी वाचलं तेव्हा त्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “अगो, मग गरोदर बाईला तो द्यायचा नाही हेपण लिहिलंय का बघ.” लिहिलं होतं. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ही गोष्ट त्यांना त्यांच्या सासूने सांगितली होती.

मला त्यांच्या या बाजूबद्दल सर्वांत जास्त आदर आहे. पाल्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, पण कधी द्यायचं नाही हे ज्याला पाठ आहे त्याच्याच हातचं औषध घ्यावं. आमच्या घरात त्याचे नियम पक्के आहेत. ताप दोन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, लहान मूल दूध किंवा पाणी घेईना, तर कोणताही काढा न उकळता दवाखान्यात जायचं. लहान बाळाला घरातलं काही चाटवायचं नाही. बाळगुटीतलं वेखंड, जायफळ सासूबाईंनी आपल्या मुलांना उगाळून दिलेलं आहे, पण डॉक्टरांनी पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको म्हणून सांगितल्यावर त्यांनी नातीच्या वेळी सहाण बाहेरसुद्धा काढली नाही. आणि ज्याला रोजच्या गोळ्या चालू आहेत त्याने विचारल्याशिवाय पाला सुरू करायचा नाही. त्यांना स्वतःला रक्तदाबाची गोळी आहे. तिची वेळ आणि काढ्याची वेळ त्या कधी एकत्र आणत नाहीत, आणि काढा घेतला तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगतात.

गुळवेलीच्या बाबतीत हा कडकपणा कामी आला. कोविडच्या दिवसांत जो तो गुळवेल उकळत होता. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये काही रुग्णांच्या यकृताला त्रास झाल्याचं लिहिलं, त्यावर गुळवेल दोषी की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा वाद झाला. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. आमची गुळवेल कडुनिंबावर चढलेली आहे, तिची पातळ साल कागदासारखी सुटते, आडवं कापलं तर आत चक्राच्या आऱ्यांसारखी रेघ दिसते. सासूबाईंनी मुलांना कापून दाखवलं, वास घ्यायला लावला. पण त्या वर्षी वाडीतले लोक मागायला आले तेव्हा ज्यांना काविळीचा किंवा दारूचा इतिहास होता त्यांना त्यांनी तोंडावर नाही म्हटलं. एक-दोघे रागावले.

आता मुलांचं. धाकटीकडे गवती चहा आहे. तिला तो दिला नाही, तिनेच धरला. तिच्या उंचीला सगळ्यांत सोयीचं झाड तेच होतं आणि पातीच्या कडेने बोट कापतं हे तिला पहिल्या आठवड्यात कळलं. आता ती पात मुठीत धरून, वरून खाली न ओढता, लहान कात्रीने बुडापासून वीतभर सोडून कापते. सकाळी चहाचं आधण चढलं की तिला हाक मारायची आणि दोन पाती मागायच्या, हा घराचा क्रम आहे. दर तीन-चार वर्षांनी बेट दाट होऊन मध्ये सुकायला लागतं, तेव्हा पावसाच्या सुरुवातीला ते उपटून, फोडून, एकेक फुटवा वेगळा लावावा लागतो. ते काम तिने पहिल्यांदा आजीबरोबर केलं, आणि उरलेले फुटवे शाळेत नेऊन बाईंना दिले. शाळेच्या कुंपणाला आता तेच बेट आहे. पानओवा तिला फक्त भजीपुरता माहीत. जाड, लवदार पान डाळीच्या पिठात बुडवून कढईत सोडलं की पाऊस कितीही असो, सगळे स्वयंपाकघरात गोळा होतात.

थोरल्याकडे कोंबड्या. गावठीच आहेत. त्यांनी हळदीचा वाफा उकरू नये म्हणून मे-जूनमध्ये त्या खुराड्यात आणि जाळीच्या आवारात, हळद गुडघ्याएवढी झाली की मोकळ्या. मग त्या वाफ्यातली वाळवी, किडे वेचतात. खुराड्यातली विष्ठा सरळ झाडाला घालता येत नाही, मुळं जळतात. ती पाल्यात मिसळून खड्ड्यात कुजवायची, हे त्याचं शनिवारचं काम. राणीखेत, ज्याला इकडे मानमोडी म्हणतात, ती आली की वाडीतल्या सगळ्या कोंबड्या आठवड्यात दगावतात. म्हणून पिल्लं आठवड्याची झाली की डोळ्यात लशीचा थेंब. पण एक कुपी शंभर पिल्लांची असते आणि एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे सगळ्या वाडीच्या खुडूक कोंबड्या साधारण एकाच वेळी अंड्यांवर बसवायच्या असं बायकांनी ठरवून टाकलं आहे. लशीच्या दिवशी आमच्या पडवीत डालगीच डालगी असतात. थोरला बर्फाच्या डब्यातली कुपी धरून बसतो, आप्पा एकेक पिल्लू उचलून देतात आणि सासूबाई थेंब टाकतात. जे पिल्लू झालं त्याला दुसऱ्या डालग्यात. एवढा चिवचिवाट असतो की फोनवर बोलता येत नाही, नवरा त्या दिवशी सरळ सुट्टी टाकतो.

हळद मात्र माझी. बेणं मी माहेराहून आणलं, सेलम जातीचं. जेठे, म्हणजे खोडाखालचे मुख्य, गड्डे निवडून, पन्नास ग्रॅमच्या आसपासचे, डोळे फुगलेले. वळीव पडून गेला की मेच्या शेवटी वाफ्यावर वीतभर अंतराने, डोळा वर करून, चार बोटं खोल लावायचे आणि वर सुक्या पाल्याचं जाड आच्छादन. माहेरी पाटपाणी द्यावं लागतं, इथे चार महिने पाऊसच सगळं बघतो, फक्त चर मोकळे ठेवावे लागतात. ऑगस्टमध्ये भरणी करायची, म्हणजे बुडाशी माती ओढून लावायची, कारण गड्डे वर डोकावले तर हिरवे पडतात आणि फुगत नाहीत.

श्रावणात हळदीची पानं. नागपंचमीला पातोळ्या हव्यातच. मी एका झाडाचं एकच पान घेते, तेही खालचं, नाहीतर गड्डा पोसत नाही. पान धुऊन पुसून त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, मध्ये गूळखोबऱ्याचं चुन, पान दुमडून मोदकपात्रात. झाकण उघडल्यावर येणारा तो वास मला माहेरी कधी मिळाला नव्हता. तिकडे एवढी हळद असून पातोळ्या कोणी करत नाही. माझी आई इथे आली तेव्हा तिने पहिल्यांदा खाल्ल्या आणि परत जाताना कृती लिहून घेतली.

वानरांचा इथे फार त्रास आहे. केळी, पपई, भेंडी, शेवग्याच्या शेंगा, नारळाची कोवळी फळं, काही हाती लागू देत नाहीत. भाजीपाला करायचा सोडून दिलेली घरं वाडीत कितीतरी आहेत. आमच्याकडे त्यांनी हळद, आलं, गवती चहा, अडुळसा आणि मिरी यांना हात लावलेला नाही. उग्र वासाच्या झाडांवर कोकणातल्या परसाने भर द्यावा असं मला वाटतं, त्यामागे हे कारण मोठं आहे. ज्या जागेत काहीच घेता येत नव्हतं तिथे घरापुरता मसाला होतो.

जानेवारी संपत आला की हळदीची पानं पिवळी पडून लोळतात. मग चरातलं पाणी बंद. दोन-तीन आठवड्यांनी पाला कापायचा, चार दिवस जमीन तापू द्यायची आणि खणायला घ्यायचं. कुदळ बुंध्यापासून लांब मारायची, मग खालून उचकटायची, म्हणजे गड्डा अख्खा वर येतो. माती झटकून जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायला सगळं घर बसतं. पुढच्या वर्षीचं बेणं आधी बाजूला काढायचं. ते उकळायच्या ढिगात चुकून जाऊ नये म्हणून मी आधीच माजघरात नेऊन ठेवते.

शिजवणं खळ्यात, तीन दगडांच्या चुलीवर, तांब्याच्या मोठ्या हंड्यात. गड्डे आणि हळकुंडं एकत्र शिजवायची नाहीत, गड्ड्यांना वेळ जास्त लागतो. हळद बुडेल इतकं पाणी, वरून हळदीचाच पाला दाबून झाकण. माडाच्या चुडतांचा जाळ एकसारखा ठेवायचा. पाऊण तास ते एक तास जातो. आधी कच्च्या हळदीचा मातकट वास येतो, मग हंड्याच्या कडेने पांढरा फेस चढतो आणि वास बदलतो, गोडसर, घशात उतरणारा. त्या वासावर लक्ष ठेवायचं. सासूबाई तेव्हा नारळाच्या पातीचा हीर घेऊन एक हळकुंड बाहेर काढतात आणि मधोमध टोचतात. हीर सहज आरपार गेला की उतरवायचं. थोडा अडला तर अजून पाच मिनिटं. जास्त शिजली तर रंग फिका पडतो, कमी शिजली तर वाळताना आत पोकळ राहून पुढे किडे धरतात. मोडून बघितलं तर आत कडेपासून मध्यापर्यंत एकच नारिंगी रंग दिसायला हवा. माहेरी हे काम कुकरच्या टाक्यांत वाफेवर होतं, तासाला कितीतरी क्विंटल. तिथे हीर घेऊन उभं राहायला कोणाला वेळ नसतो.

हल्ली पुष्कळजण कच्च्या हळदीच्या चकत्या करून वाळवतात. लवकर होतं, जाळ लागत नाही. मी करून बघितलं आहे, पूड चांगली लागते. तरी मला शिजवलेलीच आवडते. रंग सगळीकडे सारखा येतो, आणि अख्खी हळकुंडं डब्यात ठेवून लागतील तशी कुटता येतात, वास उडत नाही. शिवाय लग्नकार्यात हळकुंड लागतं, तिथे चकती घेऊन जाणार का?

वाळायला दहा ते पंधरा दिवस. फेब्रुवारीत पहाटे दव पडतं, म्हणून संध्याकाळी सगळी हळद गोळा करून पडवीत घ्यायची आणि ऊन वर आलं की पुन्हा खळ्यात पसरायची. गोळा करताना मुलं दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून बघतात. पहिले काही दिवस आवाज बोदा असतो. वाळली की खणखणीत वाजते आणि मोडताना टक् असं तुटते. मग पॉलिश. गोणपाटाच्या पोत्यात थोडी हळद आणि मूठभर खडे घालायचे, तोंड बांधायचं, दोन्ही टोकांना दोघांनी धरायचं आणि झुलवत राहायचं. वरची खरबरीत साल आणि मुळं निघून जातात. थोरला एका टोकाला आणि त्याचा बाबा दुसऱ्या. शेवटी खडे वेचून टाकायचे. बाजारातल्या हळकुंडाइतकी झळाळी येत नाही, आणि यावी असं वाटतही नाही. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून शिशाचं पिवळं रसायन, लेड क्रोमेट, लावलं जात होतं हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं. ते वाचल्यापासून मला फिकट, धुरकट हळकुंड जास्त जवळचं वाटतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि हळद तर रोज प्रत्येक आमटीत.

पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम एक किलो सुकी हळद होते. म्हणजे कामाच्या मानाने डबा लहान. पण घरात वर्षभर पुरते, माहेरी आणि नणंदांकडे जाते. पूड खलबत्त्यात फोडून, मिक्सरमधून काढून, जुन्या मऊ साडीच्या फडक्यातून चाळायची. दूध-हळद करताना मी त्यात चिमूटभर मिरपूड घालते. हळदीतलं कुरक्युमिन एकटं शरीरात फारसं शोषलं जात नाही, मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर ते कितीतरी जास्त शोषलं जातं, हे बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडलं. मिरं गोळ्यांचंही शोषण वाढवू शकतं, म्हणून सासूबाईंच्या पेल्यात ते नसतं.

ते मिरंही घरचंच, पोफळींवरचे पन्नियूर-१ जातीचे वेल आहेत. घोसातले एक-दोन दाणे लाल झाले की शिडी लावून घोस उतरवायचे, दाणे सोडवायचे, फडक्यात बांधून मिनिटभर उकळत्या पाण्यात धरायचे आणि उन्हात टाकायचे. बघता बघता काळे पडतात. यात विशेष काही नाही, शिडी तेवढी मजबूत हवी.

हे सगळं विकायला का काढत नाही, असं ठाण्याचे मित्रमैत्रिणी आले की विचारतात. दळलेल्या हळदीचे, अडुळशाच्या सिरपचे, गवती चहाच्या सुक्या पातीचे चांगले पैसे येतील हे मलाही दिसतं. ज्यांची उपजीविका त्यावर आहे त्यांनी जरूर करावं, माझं माहेर त्याच्यावरच उभं आहे. पण विकायचं ठरलं की धाकटीच्या दोन पातींना दर लागेल, थोरल्याच्या शनिवारला उद्दिष्ट लागेल, आणि सासूबाईंना गिऱ्हाइकाला ‘तुला हे नको’ म्हणणं जड जाईल. ते नाही म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. नवऱ्याचा पगार चालू आहे तोवर हे घरापुरतंच.

द्यायला मात्र आम्हाला आवडतं. रोपं, फुटवे, बेणं न्यायला लोक येतात, आणि सासूबाईंनी त्याचा काळ ठरवून दिला आहे: मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर. त्याआधी दिलेलं उन्हाने जातं, नंतरचं धरतं. अडुळशाच्या फांद्या हव्या तेवढ्या मिळतात. गवती चहाचे फुटवे धाकटीला विचारून. हळदीचं बेणं मोजून, कारण ते आधी आमच्या वाफ्यांना पुरायला हवं. गुळवेलीची कांडी नेणाऱ्याला ती कशी ओळखायची हे थोरला आडवी कापून दाखवतो, मग हातात देतो. आणि येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई एकच विचारतात, तुमच्या मागच्या दारातून सकाळी पहिल्यांदा बाहेर कोण येतं? जे नाव येईल त्याच्या वाटेवर लावायला सांगतात.